चौदावी मूठ

१२ ऑगस्ट १९३४, रविवार

हिलाल आबांच्या देवपूरच्या घरात मी माझ्या हाताने केलेल्या वस्तू —

दिंडीदरवाजाचं कुलूप, तीन किल्ल्यांनी उघडणारं. विहिरीचा रहाट, जो कुरकुरत नाही. देव्हाऱ्याचा पितळी कळस. अडकित्ते दोन. आबांच्या चष्म्याची एक दांडी — मूळची कुठली आणि माझी कुठली, ओळखून दाखवा! आणि परवा पुरा झालेला बैठकीतला झोपाळा. सागवानी पाट, चार पितळी साखळ्या, एकेकीत बावीस कड्या. प्रत्येक कडी मी ओतली, मी घासली. (साखळ्या छताला अडकवायचे चार लोखंडी आकडे माझे नाहीत. ते बाजारचे. आबांच्या पुतण्याची, भटूची काटकसर.) कोणी शिकवलं नाही. मोडक्या वस्तू उघडून उघडून शिकलो.

यादी का करतो? काल मुंबईचे पाहुणे आले. झोपाळ्यावर बसून वा वा म्हणाले. मग माझ्याकडे बघून — ‘हे कोण?’

आबा म्हणाले, ‘आमचे मिस्तरी.’

मिस्तरी! आडनाव एक. कूळ एक. पाच पिढ्यांमागे गाव एक, भडगावजवळ. त्यांच्या खापरपणज्याला जमीन उरली, माझ्या खापरपणज्याला हात उरले — फरक तो एवढाच. त्यांना चहा बैठकीत येतो, मला ओट्यावर. कप चांगला असतो, हे खरं.

१५ ऑगस्ट

रविवारी आबांकडे कानबाई देवी बसणार. उद्या भागाबाई अक्का गहू मोजतील — आबांच्या थोरल्या वहिनी, त्या घराच्या खऱ्या मालक. प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. त्याच पिठाचे रोट, आणि ते भाऊबंदांनीच खायचे. परक्याच्या ताटात तुकडासुद्धा नाही. एकोणीस वर्षं मी त्या कानबाईचं मखर बांधतो आणि पानं मांडायच्या आत घरी निघून येतो.

यंदा आखाजीला, अक्षय तृतीयेला, धीर केला. म्हटलं, अक्का, कूळ एकच शे ना आपलं? म्हणाल्या, ‘देखूत.’

देखूत, म्हणजे बघू! तीन महिने या एका शब्दावर काढले.

१६ ऑगस्ट

आबांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची बिजागरी ढिली होती. नव्हती, पण तिथे उभं राहायला कारण लागतं. आतून अक्कांचा आवाज — बारा… तेरा… चौदा. आणि सूप खाली ठेवलं.

चौदा! गेल्या साली चौदा. त्याआधीही चौदा. म्हणजे मी नाहीच.

घरी सौ. म्हणाली, ‘मंग काय व्हयनं? आपला घर भाकर नही का?’ तिला काय कळणार. जेवलो नाही. मग भूक लागली, जेवलो.

१७ ऑगस्ट

केलं.

तेल घालायच्या निमित्ताने गेलो. डावीकडचा मागचा आकडा कानसला, पाऊण जाडीपर्यंत. फट मेण आणि काजळीने बुजवली. आता मलाच दिसत नाही. हिशेब पक्का आहे. मी बसलो तर आकडा टिकेल, माझ्या दीडपट वजनाचे आबा बसले तर दहा-बारा झोक्यांत तुटेल. पाट जमिनीपासून दीड फूट, खाली सतरंजी. हाड मोडायचं नाही. बठ्ठ्या, एकूण एक भाऊबंदांदेखत एकदा आपटावेत, बस्स. आणि तुटणार तो बाजारचा आकडा. माझ्या कड्यांना नाव नको.

भटू दारात सिगारेट ओढत होता. पुण्याला शिकलेला, आबांना मूल नाही, उद्या सगळं त्याचंच. ‘काय मिस्तरी, अजून काम उरलंच का?’

१८ ऑगस्ट

आबा झोपाळ्याकडे फिरकले नाहीत. मूळव्याध.

१९ ऑगस्ट, रविवार

क्रमाने लिहितो.

मखर बांधलं, पिशवी उचलली. मागून अक्का — ‘कोठे पळस रे पुना? तुन्हं पान मांडेल शे.’

‘मन्हं?’

‘मंग! तुन्ही मूठ घिदी ना मी. चौदावी.’

‘अक्का, चौदा ते दरसाल —’

‘तो भाऊबंदमधला वना गया ना पारोळ्याले दत्तक! त्यानी मूठ आते त्या घरनी. तुले काय वाटनं, माले गिनता येत नही?’

पाटावर बसलो. रोटाचा पहिला घास तोंडात घातला. गोड होता की काय, सांगता येत नाही, कान बैठकीकडे होते. तेवढ्यात बैठकीतून आबांची हाक — ‘पुना, देख रे, झोका कितला गार लागस!’

बसले होते. पाय रेटत होते.

मी उठून धावलो. दारातून वर पाहिलं आणि तेव्हा लक्षात आलं — आकडा तुटला की साखळी खाली येणार! बावीस कड्या, पावणेसहा शेर पितळ, साडेनऊ फुटांवरून, नेमकी आबांच्या टाळूवर. आबा किती पडतील ते मोजलं होतं. साखळी मोजलीच नव्हती. मी ओतलेली साखळी!

‘आबा, उठा!’

‘कारे?’

‘आज झोक्यावर बसत नसतात. कानबाईला चालत नाही.’

‘कोनी सांगं?’ मागून अक्का.

झोका चालूच. सात झाले, आठ झाले. तोंडाला येईल ते बोललो — ‘आबा, मला बसायचंय. एकोणीस वर्षांत या बैठकीत बसलो नाही.’

आबांनी पाय टेकले. आबांचे डोळे भरले. ‘मन्हंच चुकनं रे भो,’ म्हणाले. उठले. मग म्हणतात कसे — ‘चाल, दोन्ही भाऊ संगे बसूत!’

मी पाटावर सरळ आडवा झालो. पाय पसरले, डोळे मिटले. कोणाला टेकायला वीतभर जागा ठेवली नाही.

‘मिस्तरीले झोपच लागनी!’ बठ्ठे हसत होते. दिवेलागणीपर्यंत उठलो नाही. आबांनी स्वतः उशी आणून डोक्याखाली सारली. उरलेला रोट अक्कांनी पाटावरच आणून दिला, निजल्या निजल्या खाल्ला. वर तो आकडा. टिकला. माझ्यापुरता हिशेब बरोबर होता.

२० ऑगस्ट

कानबाईला विसर्जनाला घेऊन सगळे पांझरेवर गेले. घर रिकामं होतं. आकडा बदलला. नवा मी पहाटे भट्टीवर ठोकला. त्याला हत्ती टांगा.

आबा नदीवरून आले ते थेट झोपाळ्यावर बसले. मला शेजारी बसवलं. चहा तिथेच आला.

२३ ऑगस्ट

भटू दुकानात आला. पहिल्यांदाच. स्टुलावर बसला, दार लोटून घेतलं. ‘काका,’ म्हणाला, ‘शुक्रवारी तुम्ही कानस चालवत होतात, मी सगळं पाहिलं. तोंड मिटून बसलो, दोन दिवस वाट पाहिली. मग सोमवारी आकडा का हो बदललात?’

आकडा पुन्हा तसाच करून दिला तर पाचशे रुपये देतो म्हणाला, रोख. मी नाही म्हटलं.