तुमच्या घराचं मी दिलेलं आमंत्रण

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार.

तिकिटं निघाली आहेत. बातमी पक्की आहे. ज्यांनी ती काढली त्या डेंटिस्टबाईंनीच आज सकाळी फोन करून सांगितलं, आणि त्या बाईंना थट्टा करताना अजून कुणी पाहिलेलं नाही. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी माझ्या घरमालकांकडची चार माणसं तुमच्या दारात उभी राहतील. तुमच्या म्हणजे तुमच्याच. (बसून वाचताय ना?) तुमचा गुडघा आता कसा आहे? मामीची पाठ? नव्या रंगाचा वास गेला का? आता वर्षभर कुणी भिंतीला टेकायचं नाही असं तुम्ही मागे कळवलं होतं, तेव्हा मला फार कौतुक वाटलं होतं. आता कोण कोण टेकेल ते मोजतेय.

हे सगळं मी फोनवर न सांगता मेलवर लिहितेय, कारण फोनवर तुम्ही मध्येच बोलता. शिवाय सविस्तर लिहिलं म्हणजे तुमचा राग एकदम न येता हप्त्याहप्त्याने येईल.

मी इथे परदेशात ज्यांच्याकडे वरच्या खोलीत राहते ते घरमालक म्हणजे बसचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांना मी ड्रायव्हरकाका म्हणते आणि त्यांच्या बायकोला काकू. या शब्दांचा अर्थ समजावून दिल्यापासून दोघांनी नातं फारच मनावर घेतलंय. शनिवार-रविवारी मी खोलीत एकटी बसून पातेल्यातूनच नूडल्स खाते हे काकूंना बघवेना. तेव्हापासून दर शनिवारी मला गाडीत घालून कुठे ना कुठे नेतात. किल्ले झाले, चित्रांची दालनं झाली, घड्याळांचं एक संग्रहालयही झालं (दोन घड्याळांत एक वेळ दिसेल तर शपथ). अडचण एवढीच, की काकांची बसची जुनी सवय सुटत नाही. वाटेतल्या प्रत्येक बसथांब्यावर ते गाडी थांबवतात, आरशात बघतात आणि मग निघतात. एकदा भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी सरळ दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसल्या. काका काही बोलले नाहीत, काकू काही बोलल्या नाहीत, मग मीही सरकून जागा दिली. तीन थांब्यांनंतर आजी आभार मानून उतरल्या. त्या कोण, हे मी घरी आल्यावर विचारलं तर काकू म्हणाल्या, “आम्हाला वाटलं तुझ्या ओळखीच्या आहेत.”

आता मुद्द्याचं. फिरून झालं की रविवारी कुणातरी नातेवाइकाकडे जेवण असतं. पहिल्यांदा गेलो ते काकांच्या बहिणीकडे, म्हणजे डेंटिस्टबाईंकडे. जेवण झालं, निघालो, मी दारात चपला घातल्या आणि आपण म्हणतो तसं म्हटलं, “आता तुम्ही या आमच्याकडे.” यात माझा काय दोष? आपल्याकडे असं म्हटल्याशिवाय कुणाचा पाय उंबऱ्याबाहेर पडतो का? मामी तर रिक्षा वळून दिसेनाशी होईपर्यंत “या हं नक्की” म्हणत असते, आणि मग आत येऊन, “सुटलो” म्हणून पंखा लावते. त्यावर समोरच्याने “हो हो, येऊ की” म्हणायचं आणि विषय संपवायचा असतो. डेंटिस्टबाईंनी विचारलं, “कधी?”

मामा, जन्मात मला हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. मी गडबडून म्हटलं, “कधीही.” त्यांनी पुढे विचारलं, “राहायचं कुठे?” आईच्या आणि माझ्या त्या दोन खोल्यांत एवढी माणसं कशी मावतील, आणि तसं सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? म्हणून मी तुमचं घर दिलं. देताना जरा मोठं करूनच दिलं. गच्ची होतीच, तिच्यावर बाग मी लावली.

दुसऱ्या रविवारी काकांचा धाकटा भाऊ. हा प्लंबर. बोलावणं त्याच्यापर्यंत पोचलं होतंच; याने फक्त नळांची चौकशी केली. मी अभिमानाने सांगितलं, बाथरूम दोन. (दुसरं ते, ज्याचा प्लंबर “आलोच” म्हणून दोन वर्षांपूर्वी गेला.) पुढे खोटं रेटता येईना, म्हणून तेही सांगून टाकलं. बिचाऱ्याचा घास हातातच राहिला. “दोन वर्षं?” म्हणाला. आता तो कपडे एका लहान पिशवीत आणणार आहे आणि बाकीच्या वजनात हत्यारं.

मध्ये एकदा खरं सांगून टाकायचं ठरवून मी खाली गेले होते. काकू स्वयंपाकघरात, आल्याबरोबर मामीच्या पाया कसं पडायचं याची खुर्ची धरून तालीम करत होत्या. काका म्हणाले, “आम्ही एवढ्या वर्षांत खूप लोकांना पोचवलं, पण आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं.” मी पाणी पिऊन वर आले. ज्यांनी वर्षभर मला जेवू घातलं त्यांना, ते बोलावणं नुसतं बोलायचं होतं, असं कसं सांगू? आणि खरं सांगायचं तर म्हणताना मी मनापासूनच म्हटलं होतं. ते येतील एवढंच फक्त धरलं नव्हतं. तुम्ही नाही म्हणालात तर या घरात मला मान वर करता येणार नाही.

तरीही तुमची अडचण असेल तर अगदी मोकळेपणाने नाही म्हणा. घरात आजारपण आहे असं मी इथे सांगेन. (कुणाचं ते तुम्ही दोघं ठरवा.)

मामीला नमस्कार. तिला हे जेवणानंतर सांगा.

तुमची,
भाची

ता. क. – या चौघांना आपल्याकडचं अक्षरही कळत नाही, तेव्हा बोलून दाखवायला कुणीतरी सोबत हवंच, असं काकांनी ठरवलं आणि मला न विचारता माझंही तिकीट काढलं. मी दीड वर्षाने येतेय, मामा. आईला सांगू नका. तिला त्या शनिवारी काहीतरी निमित्त काढून तुमच्याकडे बोलावून घ्या.

आणखी ता. क. – मोकळेपणाने नाही म्हणा असं वर लिहिलंय, ते आपल्या पद्धतीप्रमाणे लिहिलंय. खरंच म्हणू नका. रविवारी संध्याकाळी आम्ही सगळे फोन लावणार आहोत. “या” हा एकच शब्द काकूंना ओळखता येतो. तो ऐकू आला की त्या बॅग भरायला घेतील. बॅग पलंगावर उघडून ठेवलेली आहे.