हाताला गुण

सोमवार, ३

नवी जागा, नवं काम आणि खोलीला पूर्वेची खिडकी. आणखी काय पाहिजे माणसाला! त्वचारोगाच्या या दवाखान्यात मला दोन महिन्यांसाठी बोलावलंय, आणि राहायला दवाखान्याच्याच वरची खोली दिली आहे. पलंग डुगडुगत होता. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून सरळ केला. दुसऱ्या कुणी केला असता तर घडी बाहेर डोकावत राहिली असती.

काम असं. थोरले डॉक्टर गेल्या वर्षी वारले. पंचवीस वर्षं त्यांनी पेशंटांच्या त्वचेचे फोटो काढले आणि एकाच कॉम्प्युटरवर साठवले. तो आता सुरू होतो आणि दहा मिनिटांत मान टाकतो. त्यांची मुलगी, म्हणजे हल्लीच्या डॉक्टरीणबाई, यांना आतली हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये बसवून हवी आहे. दुसरं मशीनही तितकंच जुनं, पण धडधाकट. फोटो उघडणारा प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालत नाही, म्हणून हा उद्योग. आधी दोन शिकलेली माणसं येऊन हात वर करून गेली. मी कुठल्याही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. उघडत, मोडत, जोडत शिकलो. डॉक्टरीणबाईंना स्पष्ट सांगितलं, एक जरी फाईल कमी भरली तरी माझं नाव बदला.

काउंटरवर एक बाई बसतात. अठरा वर्षं झाली म्हणे. जिभेला हाड नाही. डाव्या गालावरून सतत स्कार्फ. मला पाहिल्या पाहिल्या म्हणाल्या, "या इंजिनियरसाहेब!" माझ्याकडे डिग्री नाही हे त्यांना आधीच कळलेलं होतं. मी हसलो नाही. चहा मात्र घेतला.

मंगळवार, ४

जुन्या मशीनचं झाकण काढलं आणि शिसारीच आली. मी पुष्कळ कॅबिनेटं उघडली आहेत. झुरळं, पालीची अंडी, एकदा उंदराचा सांगाडा, सगळं पाहिलंय. पण ही धूळ नव्हती. पातळ, पांढुरके पापुद्रे होते, कांद्याच्या आतल्या सालीसारखे, थरावर थर. पंख्याच्या पात्यांना तेलकट होऊन चिकटलेले. काउंटरवरच्या बाई तिथूनच म्हणाल्या की पंचवीस वर्षं माणसं इथे बसून खाजवतायत, ते कुठे जाणार, पंखा ओढून घेणारच. तर्क बरोबर होता. 

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे दिले. मी घेतले नाहीत. स्क्रूचा आटा उघड्या बोटालाच कळतो. चार स्क्रू, एक झिजलेला. चपटी केबल सोडवली, डिस्क ओढून काढली. खालची बाजू चिकट आणि कोमट. मशीन सकाळपासून बंद होतं, तरी कोमट. वास, बरेच दिवस न बदललेली पट्टी सोडल्यावर येतो तसा. तीनदा साबणाने हात धुतले.

दुसऱ्या मशीनमध्ये पिना नीट लावून डिस्क बसवली. पहिल्याच फटक्यात दिसली! चार कप्पे : हात ९१२, पाय १,१०४, पाठ १,६६२, चेहरा ६४०. एकूण ४,३१८. आकडा डॉक्टरीणबाईंना लिहून दिला.

बुधवार, ५

डिस्कचा आवाज चांगला नाही. घरघर आहे. ती दगावण्याआधी फोटो मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर नेणं भाग आहे. लोक अशा वेळी कॉपी करतात. मग प्रती दोन होतात आणि खरी कुठली ते कुणालाच सांगता येत नाही. मी थेट हलवतो. एका वस्तूला एक जागा.

साडेअकराला 'हात' मधले पहिले पाच हलवले. प्रत्येक फाईल सुटली की डिस्क टिक करते. पाच टिक ऐकले. जुन्या डिस्कवरून पाचही गेले. मशीनच्या डिस्कवर एकही आला नाही.

सगळीकडे शोधलं. परत आणायला गेलो, तर अशी फाईलच नाही म्हणतं. दुसरी एक कॉपी करून पाहिली, तर डिस्क नकार देते. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी काम छान चाललंय असं सांगितलं. असं मी आजवर कधी केलेलं नाही.

गुरुवार, ६

डाव्या हातावर पाच चट्टे. एक कडेने उकललेला, आत पिवळसर ओल. पापुद्र्यांची ॲलर्जी असणार. मलम लावलं.

फाईली कुठे जातात त्याचा माग काढायला आणखी बारा हलवल्या. बाराही गेल्या.

दुपारी काउंटरवर फोन आला. कुणी जुने पेशंट, आजोबा. मनगटावरची अकरा वर्षांची खाज काल एकाएकी गेली, कातडी लहान मुलासारखी झाली, म्हणत होते. बाईंनी गंमत म्हणून वेळ विचारली. साडेअकरा.

शुक्रवार, ७

आता बारा नवे. मोजले. मोजायची सवय आहे, काय करू.

उजव्या अंगठ्याचं नख रात्रीतून जाड, पिवळं, भुसभुशीत झालंय. आणि त्याच्या टोकाला गुलाबी नेलपॉलिशचा टवका आहे. जुना, अर्धा उडालेला. मी काल हलवलेल्या बारांतला एक फोटो हलवण्याआधी तपासायला उघडला होता. कुण्या बाईच्या अंगठ्याचा. हाच टवका. हाच आकार.

ब्लेडने खरवडून काढला. नखाचा चुरा वहीवर पडला. फुंकर मारायचीही किळस आली, वही झटकून टाकली.

म्हणजे फाईली हरवलेल्या नाहीत.

शनिवार, ८

सकाळपासून सहा फोन. काउंटरवरच्या बाई पेशंटांना सांगतायत की इंजिनियर आल्यापासून दवाखान्याला बरकत आली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काही म्हणा, तुमच्या हाताला गुण आहे!"

हे वाक्य डॉक्टरांना म्हणतात. मला जन्मात कुणी म्हटलेलं नव्हतं. 'रिपेअरवाला आला' एवढंच ऐकत आलो.

लाज वाटते लिहायला. त्या वाक्यावर मी आणखी वीस हलवल्या.

रविवार, ९

सुट्टी. दार लावून पडून होतो. उशीवर पापुद्रे. चहावर साय आली म्हणून बोटाने काढली, ती साय नव्हती. ओकलो.

बोटांच्या पेरांवर काळे राठ केस उगवलेत. माझे केस पिंगट आणि विरळ आहेत. दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या. सदतीस माणसं माझ्या कोपरांखाली राहतायत आणि त्या प्रत्येकाचा वास वेगळा येतो.

सोमवार, १०

थांबायचं ठरवलं. नाव गेलं तरी चालेल, ४,३१८ पैकी एकही आणखी नाही. डिस्क काढायला गेलो तर बोटांत स्क्रूड्रायव्हर ठरेना. दोनदा पडला. माझ्या हातून!

डॉक्टरीणबाई आज नि उद्या दुसऱ्या गावच्या दवाखान्यात. म्हणून काउंटरवरच्या बाईंना सगळं सांगितलं, पट्टी सोडून दाखवली. वाटलं, किंचाळतील. त्यांनी हात जवळून न्याहाळला. मग विचारलं, की चेहऱ्याचे फोटोसुद्धा असेच जातात का. आणि स्कार्फ काढला.

डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत. खपल्या, त्यांखाली चकाकणारं लाल. फोटो नंबर २१४, म्हणाल्या, थोरल्या डॉक्टरांनी काढलेला. औषधं थकली म्हणून त्यांनी नोकरी दिली. "भाऊ, एकच. तुमचे एवढे झालेत, त्यात माझा एक काय जड आहे?" पहिल्यांदाच भाऊ म्हणाल्या.

मी नाही म्हटलं. तेवढं चाललं असतं. पण मी तोंड फिरवलं, ते त्यांनी पाहिलं. सदतीस जणांची घाण अंगावर घेऊन बसलेला मी — मला त्यांची किळस आली.

स्कार्फ बांधून त्या काउंटरवर जाऊन बसल्या.

मंगळवार, ११

दहा वाजून वीस. खाली आलो तेव्हा बाई मशीनसमोर. मी कसं करतो ते रोज काउंटरवरून पाहत होत्या. 'चेहरा' वर माउसचा बाण ठेवून हलवला. एक फोटो वेगळा निवडावा लागतो हे त्यांना ठाऊक नाही. अख्खा कप्पा हलतोय. ६४०.

रद्दचं बटण दाबलं. ऐकत नाही.

प्लग ओढला. पडदा काळा. डिस्क फिरतेच आहे — टिक — टिक — वीज नाही आणि फिरतेय.

मोजतो.  ५८.

कपाळ घट्ट ओढल्यासारखं. भुवई गळून वहीवर पडली. खाली दुसरी. माझी नाही.

बाईंनी डिस्क ओढायचा प्रयत्न केला, हात भाजला. मी स्क्रूड्रायव्हर दोन तळव्यांत धरून — पडला.

१५०. नाकातून काहीतरी ओघळतंय, चव — नको.

२१४. बाई आरशाकडे धावल्या. हसल्या. स्वच्छ गाल. मग माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीला टेकल्या. मला एकच हवा होता हो, मला एकच हवा होता — तेच ते म्हणतायत.

माझा डावा गाल. खपल्या. ओळखीच्या.

वरच्या ओठावर कुणाच्या तरी मिशा — ओल्या —

३०२. डावा डोळा मिटला, चिकटला. बाई विचारतायत, दुखतंय का. तोंड उघडत नाही. लिहून दाखवलं, हो. त्या बघत नाहीत. तोंड फिरवून उभ्या आहेत.

३३९

३४० आता उजव्या पापणीवर कुणाच्या तरी लहान मुलाचं —