अर्ध्या गुंठ्याचा पाहुणचार

मी, सोपानराव कोंडीराम येळवंडे, वय वर्षे एकसष्ट, धंदा संख्याशास्त्र, मूळचा मौजे बोरमाळ, चाकणजवळ, तालुका खेड, हल्ली राहणार चिंचवड, जिल्हा पुणे, आज सोमवार तारीख ३ फेब्रुवारी १९५८ रोजी हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहावयास घेत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉक्टर उद्धवराव यांनी तपासून सांगितले आहे. कोणाचेही दडपण माझ्यावर नाही. हृदयाने दोनदा सूचना दिली आहे. तिसरी सूचना आगाऊ मिळेल असे नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. भाषणे पुष्कळ केली, पण त्यांची अंमलबजावणी कोणी केली नाही. या कागदाची तरी व्हावी.

कलम १. चिंचवडचे तीन खोल्यांचे राहते घर, आतील भांडीकुंडी, पोस्टातील बचत आणि अंगणातला लिंब हे सर्व माझी पत्नी शालनबाई हिला मिळावे. पस्तीस वर्षे तिने माझे प्रत्येक भाषण आधी घरात ऐकले. सभेतले लोक निदान उठून जाऊ शकत होते. अर्थात तेही फारसे उठत नसत. याचा मला मोठा अभिमान होता. पुढे चाकणच्या एका सभेत कळले की शेवटपर्यंत बसलेले चौघेजण जाजम परत न्यायला थांबले होते आणि मी त्यावर उभा राहून बोलतच होतो.

कलम २. हाताने फिरवायचे गणकयंत्र, चिठ्ठ्या टाकण्याऐवजी वापरायचे लॉटरी-आकड्यांचे पुस्तक व सर्व वह्या माझी मुलगी इंद्रायणी हिला द्याव्यात. ती पुण्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवते. तिला सांगणे एवढेच की, या यंत्राने आजवर एकही बेरीज चुकवलेली नाही. त्यात काय घातले, तो प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर कलम ४ मध्ये आहे.

कलम ३. सत्कारात मिळालेल्या नऊ शाली. यांतली एकही मी पांघरलेली नाही, कारण माझा सत्कार नेहमी उन्हाळ्यात होई. या शाली बोरमाळच्या ज्या बत्तीस घरांच्या शेतांत मी पिकाची पाहणी केली, तेथील बायकांना द्याव्यात. शाली नऊ आणि घरे बत्तीस, तेव्हा निवड चिठ्ठ्या टाकून करावी. चिठ्ठ्या त्याच दिवशी, सर्वांसमक्ष टाकाव्यात. कोणाची शाल कोणती, हे आधी कोणाला कळू देऊ नये. असे का, हे पुढे वाचल्यावर समजेल.

कलम ४. आता मिळकतीतली मुख्य वस्तू: माझी कीर्ती.

सरकार दरवर्षी पिकाची आणेवारी ठरवते. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. आणेवारी सहा आण्यांच्या आत आली तर गावाचा शेतसारा तहकूब होतो. पूर्वी ही आणेवारी पाटील शिवारात फिरून नजरेने सांगत. बोरमाळचे पाटील म्हणजे माझे थोरले बंधू आबाजी. दादा बांधावर उभे राहत, एक कणीस चोळून तोंडात टाकत आणि आकडा सांगत. मी कलकत्त्याहून संख्याशास्त्र शिकून आलो होतो. माणसाची नजर ही ओळखीच्या, हितसंबंधाच्या आणि झोपेच्या आधीन असते, चिठ्ठी कोणाची मेहुणी नसते, असे मी गावोगाव गर्जून सांगत होतो. ते मी आजही मानतो. चिठ्ठीने निवडलेला अर्धा गुंठा दहा पाटलांपेक्षा खरे बोलतो, यावर माझी श्रद्धा अजून ढळलेली नाही. दोष पद्धतीचा नव्हे. पद्धतीला गावात एकटी सोडून स्वतः भाषणाला निघून गेलेल्या माणसाचा आहे.

सन १९४८ साली मी बोरमाळमध्ये बत्तीस शेते चिठ्ठीने निवडली. प्रत्येक शेतात अर्ध्या गुंठ्याचा तुकडा, तोही चिठ्ठीनेच. कापणीच्या दिवशी तुकडा आखावा, असा नियम आहे. मी व्यवस्थित माणूस. मी भाद्रपदातच चारी कोपऱ्यांना चुना लावलेल्या खुंट्या ठोकून ठेवल्या, म्हणजे कापणीला घाई नको. मग दोन महिने व्याख्याने देत हिंडलो.

कापणी झाली, मळणी झाली, तागडीने तोलले. माझी आणेवारी नऊ आणे आली. दादांनी साडेपाच सांगितली होती. सरकारने अर्थातच तागडी मानली आणि गावाने त्या नापिकीच्या सालात पूर्ण सारा भरला. मी एवढ्यावर थांबायला हवे होते. पण चाकणच्या बाजारात व्यासपीठ होते, आणि व्यासपीठ दिसले की माझे पाय आपोआप वळतात. दादा समोर बसले असताना मी म्हणालो, "पाटलांनी शिवार पाहण्याआधी आपले डोळे तपासून घ्यावेत!" लोक हसले. दादा उठले, पागोटे नीट केले आणि निघून गेले. गावातली पोरे त्यांना आंधळा पाटील म्हणू लागली. त्या दिवसापासून दादा माझ्याशी बोललेले नाहीत. नऊ वर्षे झाली.

त्याच पाहणीवरील निबंधाला पीकगणना परिषदेने दिल्लीत सुवर्णपदक दिले. निबंधाचे नाव 'नजर-आणेवारीतील दोष'. पुढचे सगळे सत्कार, सगळ्या शाली, सगळे हार त्या निबंधाचे.

तीन वर्षांपूर्वी बोरमाळला गेलो असता त्या बत्तीसांपैकी एक शेतकरी गेनबा याच्या घरी चहाला बसलो. त्याची बायको ठकुबाई म्हणाली, "दाजी, औंदा खुंट्या न्हाई मारल्या?"

"नाही बाई. का?"

"न्हाई, तवा लई बरकत आली व्हती. खुंट्यांच्या आतली बाजरी मी लेकरागत वाढवली. पावसानं ताण दिला तर ओढ्यावरनं हंडं आणून घातलं. शेणखत घातलं."

"आतल्या बाजरीलाच?"

"मग? सरकारनं आमच्याच रानात येऊन जागा धरली. पाव्हना तो. पाव्हन्याला उपाशी ठेवायचा व्हय?"

माझ्या हातातला चहा निवत चालला होता. मी विचारले, "आणि बाकीच्यांनी?"

"समद्यांनीच! पुतळाबाई तर दिसभर पाखरं राखत बसायची. घरचं रान पाखरांनी खाल्लं तिचं. पण सरकारचं दानं एक न्हाई जाऊ दिलं."

बत्तीस घरांतला एकही माणूस लबाड निघाला नाही. सारा वाढेल म्हणून कोणी तुकडा उपटला असता, तर मी ओळखले असते. त्यासाठी माझ्याकडे सूत्र होते. पाहुणचारासाठी नव्हते. मी बोरमाळचे पीक मोजलेच नाही, बोरमाळची अब्रू मोजली आणि ती नऊ आणे भरली म्हणून पदक घेतले. पीक दादांनी सांगितले तेवढेच होते.

हे कळल्यावर मी काय केले? गप्प बसलो. ज्याला गप्प बसता येत नाही म्हणून तालुकाभर नावे ठेवली जातात, त्याने ही एक गोष्ट तीन वर्षे पोटात ठेवली. त्यानंतरही तीन शाली स्वीकारल्या.

म्हणून माझी इच्छा अशी की, सोबत जोडलेले कबुलीपत्र माझ्या मृत्यूनंतर इंद्रायणीने परिषदेला पाठवावे आणि बोरमाळच्या चावडीवर मोठ्याने वाचावे.

कलम ५. सदर सुवर्णपदक, वजन दोन तोळे, माझे बंधू <s>आबाजी कोंडीराम येळवंडे</s> ठकुबाई गेनबा यांना मिळावे.

कलम ६. परिषदेतले माझे सहकारी रंगराव. निबंध वाचून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: "खुंट्या केव्हा ठोकल्या?" मी उत्तर दिले नाही. त्याऐवजी शेतकऱ्यांच्या प्रामाणिकपणावर वीस मिनिटे बोललो. टाळ्या पडल्या आणि रंगराव ओशाळून खाली बसले. त्यांच्याविषयीचा राग मी बरीच वर्षे जपला. तो आता रद्द समजावा. रंगरावांना माझ्या मिळकतीतून त्यांचे उत्तर द्यावे, ते असे: भाद्रपदात.

येथपर्यंत सोमवारी लिहून झाले. शालनने सर्व वाचले. तिने चष्मा काढला आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही गेल्यावर कबूल करणार?"

मी म्हणालो, "त्यात वाईट काय?"

"थोरले भावजी सत्तरीचे आहेत. ते आधी गेले तर चावडीवर कोणाला ऐकवणार? आयुष्यभर ज्याला त्याला तोंडावर सुनावलंत. एवढं एकच मेल्यावर सांगायचं?"

पस्तीस वर्षांत या बाईने माझे एकही भाषण मध्येच तोडले नव्हते. या वेळी एका वाक्यात संपवले. कबुलीपत्र मंगळवारी सकाळी परिषदेला रवाना केले. रंगरावांनाही कार्ड टाकले. दादांना निरोप धाडला. कलम ४ मधील शेवटची इच्छा त्यामुळे रद्द समजावी, चावडीवरचे वाचन तेवढे बाकी आहे. ते मी स्वतः करीन, बसून आणि थोडक्यात.

आज गुरुवारी दादा एसटीने आले. अंगणात उभ्यानेच म्हणाले, "काय काम हाय?" नऊ वर्षांनंतरचे हे पहिले तीन शब्द, एकच असता तरी मला चालला असता. साक्षीसाठी डॉक्टर उद्धवराव आले होते, त्यांच्यादेखत मी सारे मृत्युपत्र दादांना वाचून दाखवले. माझा आवाज मागच्या ओळीपर्यंत पोचतो अशी ख्याती आहे. समोरच्या एका खुर्चीसाठी तो प्रथमच खाली आणला.

दादांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "साडेपाच आनं व्हतं. मी सांगितलं व्हतं."

"होय दादा."

"माझं जाऊ दे. गावानं सारा भरला, त्याचं?"

"चावडीवर तेच सांगायचं आहे. सरकारकडेही लिहिलं आहे. मिळेल का परत, ठाऊक नाही."

"मी येतो संगं. तू लई बोलशील." मग त्यांनी हात पुढे केला. "दाव ते पदक."

पदक त्यांनी तळहातावर घेतले, एकदा वर-खाली केले. "काय लिवलंस रं, दोन तोळं?"

"सनदेत तसंच आहे."

"पावनेदोन."

डॉक्टर उद्धवराव हसले. दादांनी त्यांच्याकडे पदक दिले. "जावा, शेजारच्या सोनाराकडनं तोलून आना. न्हाईतर पुन्हा डोळं तपासाया लागायचं माझं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन हे मला नगं. पीक ठकुबाईनं आनलं, बक्षीस तिचं. मला सही कुठं करायची ते सांग."

कलम ७. माझ्या अंत्यविधीच्या वेळी कोणीही भाषण करू नये. करायचेच असेल तर जाजम आपले स्वतःचे आणावे.

खाडाखोडीबाबत खुलासा: कलम ५ मध्ये 'आबाजी कोंडीराम येळवंडे' हे नाव खोडून 'ठकुबाई गेनबा' असे केले आहे, ते माझ्या हातचे आहे. त्याच कलमातील 'दोन तोळे' हे शब्द चुकीचे आहेत. सोनाराच्या काट्यावर पदक पावणेदोन तोळे भरले. तेथे 'पावणेदोन' असे वाचावे.

लिहून देणार: सोपानराव कोंडीराम येळवंडे
चिंचवड, गुरुवार, ता. ६ फेब्रुवारी १९५८

साक्षीदार, ज्यांच्यादेखत वरील सही झाली:
१. डॉक्टर उद्धवराव, चिंचवड (काट्याचे वजन यांनी आणले)
२. आबाजी कोंडीराम येळवंडे, पाटील, मौजे बोरमाळ, सही मोडीत (वजन यांनी आधीच सांगितले)