नारळावरचा पाइप आणि हवेचं वजन

केळवे, रविवार

आदरणीय शैलेशदादांस,

प्रतापचा वाकून नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे? इकडे सगळं क्षेम म्हणावं, तर अर्धं क्षेम बुधवारीच पिशवी भरून आपल्याकडे पाम गावी आलेलं आहे. आनंदी माझा फोन उचलत नाही, आपण उचलून लगेच ठेवता. म्हणून हे पत्र.

मी वाडीतल्या नारळाची माडी काढून प्यायला लागलो, असं आपल्या कानावर आलं आहे. (येणारच. शेजारच्या सुजितची बहीण आपल्याच आळीत दिली आहे.) दादा, ती माडी नव्हती. ते पृथ्वीभोवतीच्या हवेचं वजन होतं.

आपल्या भाचीला, किंजलला, शाळेच्या प्रदर्शनासाठी ते काढायचं होतं. लांब पारदर्शक पाइप पाण्याने भरायचा, वरचं तोंड पक्कं बंद करायचं, खालचं बादलीतल्या पाण्यात बुडवायचं आणि पाइप उभा करायचा. पाणी थोडं उतरतं आणि थांबतं, कारण बाहेरची हवा बादलीवर दाबून तेवढं पाणी तोलून धरते. म्हणजे त्या पाण्याचं वजन तेच तेवढ्या जागेवरच्या हवेचं. पण पाणी थांबतं तेहतीस फुटांवर, आणि एवढं उंच आमच्याकडे नारळाशिवाय आहे काय? नारळ पाडायला येतो त्या चिंधूने पाइप शेंड्याला बांधला. पाणी बरोबर थांबलं, आणि वर बुडबुडे येऊन फेसही धरला.

आता नारळाचा शेंडा, तिथून बादलीत उतरलेला पाइप आणि आत फेस, एवढं दिसल्यावर आमच्या गावातला माणूस काय समजणार? हाच सुजित तांब्या घेऊन आला. मी त्याला हवेचा दाब नीट समजावला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "तुमी काय बी नाव ठेवा, काका. द्यायची नाय तर नाय सांगा." संध्याकाळी कुंपणाशी चांगली बैठक जमली. (एकाने चणेही आणले होते.) दुसऱ्या दिवशी आनंदी गेली.

किंजलने मग साऱ्या पृथ्वीचा हिशेब लावला: पाचावर अठरा शून्यं, इतके किलो. एवढं डोक्यावर असून आपण चिरडत नाही, कारण आतूनही तेवढाच दाब असतो म्हणे. मला मात्र बुधवारपासून घर अंगावर येतं. (हे आनंदीला वाचून दाखवलंत तरी चालेल.) खरंच करमत नाही, दादा. तिला पाठवून द्या.

आपला,
प्रताप

ता. क. किंजलने पत्र वाचलं. ती म्हणते, माडीचं आईच्या मनातही नव्हतं. तो पाइप मोटरीपासून टाकीपर्यंतचा होता, बाबांनी न विचारता काढला आणि घरात नळाला थेंब नाही, म्हणून आई गेली.

ता. क. २. प्रदर्शनाचे परीक्षक शुक्रवारी इथेच बघायला येणार, तोवर पाइप उतरवता येत नाही. आपल्याकडे जादा असेल तर आनंदीबरोबर पाठवा. दोन्ही जमत नसेल, तर नुसतं आनंदीलाच पाठवा. पाणी मी विहिरीतून शेंदीन. (हे वाक्य किंजलने लिहायला लावलं, पण शेंदणार मीच.)