ग्राइंडरचं कव्हर

बाबा,

आई तुमच्याशी बोलेनाशी झाली होती, आणि ते माझ्यामुळे झालं, म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेल्यापासून ती रोज तुमच्याशी भांडत आली. कामतघरच्या आपल्या खोलीत भाकरी थापता थापता, फोटोकडे न बघता म्हणायची, "कव्हर लावायला काय हात दुखत होते तुमचे? पोर लहान हाय, एवढं पण मनात आलं न्हाय?" कापड विणायच्या लूमचे सुटे भाग घासताना ग्राइंडरचा दगड फुटला, तुकडा तुमच्या छातीत घुसला, आणि कारखान्याच्या मालकाने आपल्या दारात उभं राहून सांगितलं की तुम्ही कव्हर उघडं ठेवून काम करत होता. तेवढं वाक्य तिने उराशी धरलं. शेजारणी म्हणायच्या, मेलेल्या माणसाला किती बोलायचं. मला मात्र तिच्या त्या आवाजाची सवय होती. शाळेतून येताना तो जिन्यात ऐकू आला की घरी सगळं ठीक आहे असं वाटायचं.

माझी नोकरी आता अशी आहे, की पोलादाच्या पत्र्यावर प्रचंड वेगाने वस्तू आदळवायची, तो कसा फाटतो ते मोजायचं, आणि तेच कंप्युटरवर मांडून बघायचं. पोलाद हळूहळू ओढलं तर ताणलं जातं, सोसतं. वेगाने काही आदळलं की त्याचं वागणंच बदलतं. आदळलेली जागा तापते, उष्णता पसरायला वेळ मिळत नाही, आणि कधी कधी तेवढीच चकती तुटून निघते. एवढं शिकून, कव्हर लावलं असतं तर तुम्ही वाचला असता का, ही घरातली एक गोष्ट मला सांगता येऊ नये? गेल्या वर्षी तुमच्या कारखान्यातून तसलंच जुनं कव्हर मागून आणलं. पातळ पत्रा निघाला. त्याचे तुकडे कापून वर्षभर चाचण्या घेतल्या, आकडे मॉडेलमध्ये घातले, दगडाचा वेग घातला. दर वेळी तुकडा आरपार. कव्हर लावलं असतं तरी तुम्ही वाचला नसता, बाबा. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि खरं सांगते, आनंदाने रडले.

गेल्या महिन्यात एका रविवारी घरी आईला सांगितलं. ती पीठ मळत होती. "म्हंजे त्यांची चूक नव्हती?" मी म्हटलं, नव्हती. तिने परात बाजूला सारली. मग म्हणाली, "मंग मी इतकी वर्सं कोणाशी भांडले गं?"

तेव्हापासून घरात तिचा आवाज नव्हता. जेवायची, खिडकीशी बसायची, खालच्या लूमचा खडखडाट ऐकायची. मला वाटलं होतं तिचं ओझं उतरेल. पण वाटायला लागलं, मी तिचा नवराच काढून घेतला.

काल तिने विचारलं, "तुझा तो कंप्युटर कदी चुकतो का गं?"

"चुकतो की," मी म्हणाले. "शेवटी सगळा अंदाजच."

ती उठली, तवा ठेवला. थोड्या वेळाने आतून ऐकू आलं, "आन् डबा पण तसाच टाकून गेलात त्या दिवशी. वाटाण्याची भाजी केलेली मी."

हिशेब चुकलेला नाही, बाबा. पण तिला कळू देऊ नका. ती बोलतेय तेवढं ऐकून घ्या.