सॅमसनचा फुटलेला ओठ

कोरेगाव, शुक्रवार, दिवेलागण

टपरीवर मोबाइलमध्ये इस्रायलचं युद्ध चालू होतं. दूधवाल्या बबननं माझ्या बालमित्राची, सॅमसनची कॉलर धरली. "तुमी ज्यू लोकं लेकरं मारता व्हय रं?" पेन्शनर हवालदार आबा उलट त्याची पाठ थोपटत होता, "लय भारी हाय तुमची फौज!"

"माझी कसली फौज? मी कोरेगावचा," सॅमसन म्हणाला. बबननं ठोसा मारला. ओठ फाटला. त्याच ओठांनी शाळेत त्यानं वर्गापुढे कविता म्हटलेल्या. मी बबनच्या खांद्यावर काठी हाणली. मी! आणि बरंही वाटलं. का?

घरी नेलं. चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे पवित्र वचनाच्या डबीला, बोटं लावून ती ओठांना टेकवल्याशिवाय तो आत जात नाही. आज बोटांना रक्त, ओठालाही रक्त. हात वर गेला आणि तसाच खाली आला.

शब्बाथचा, त्यांच्या विश्रांतीच्या वाराचा, दिवा लावायला थांबलेल्या वहिनी म्हणाल्या, "पुरे. मुलाकडे इस्रायलला जाऊ."

"तिथं मला हिंदुस्थानी म्हणतात," सॅमसन म्हणाला. " इथं निदान मारणाऱ्याच्या बापाला ओळखतो मी."

वहिनी हसल्या नाहीत. मी बाहेर पडलो तशी मागे कडी लागली. इतक्या वर्षांत त्या दाराला कडी आहे हेच मला ठाऊक नव्हतं.