आपल्या वहाणा सुखरूप आहेत

मंगळवार पेठ, कोल्हापूर.

नेसरी मुक्कामी वडीलकीच्या मानाचे परममित्र श्रीयुत गणपतराव यांस मीरासाब याचा आदरपूर्वक रामराम. वहिनींचा खोकला हटला की नाही व म्हैस व्याली की नाही, ते कळवावे. मी लेकीच्या घरी मजेत आहे. (फोन केला असता, परंतु आपणांस कमी ऐकू येते, आणि ही हकिकत ओरडून सांगण्याजोगी नाही.)

मी सुट्टीला निघालो तेव्हा आपण ठेवणीतील वहाणा मोठ्या मनाने मला वापरावयास दिल्यात व "मीरासाब, न्हेतोस तसा जोड परत आण बाबा," असे बजावलेत. त्या वहाणा सुखरूप आहेत. किंबहुना आपल्या घरी होत्या त्याहून अधिक सुखरूप आहेत.

परवा जुलेखाने मला पेठेतील लहानसे इतिहास-संग्रहालय दाखविण्यास नेले. पूर्वजांच्या वस्तूंसमोर पायतणासह उभे राहणे मला अशिष्ट वाटले, म्हणून मी दारातच वहाणा काढल्या. जुलेखा म्हणाली, "अब्बा, ह्ये म्युझियम हाय, दर्गा न्हवं. घाला की पायांत!" मी ऐकले नाही. (शिष्टाचार लेकरांकडून शिकण्याची पद्धत आपल्या पिढीत नव्हती.) दाराशी स्वच्छ सतरंजी अंथरून तीवर अडकित्ता, कंदील, तांब्याची घागर अशा वस्तू ओळीने मांडल्या होत्या. मधे मोकळी जागा पाहून मी जोड टाचा जुळवून ठेवला. ती सतरंजी लोकांनी भेट दिलेल्या जुन्या वस्तूंसाठी होती, हे मला कोणी सांगितले नाही. (तशी पाटी होती, असे जुलेखा म्हणते.)

आतील तलवारी सावकाश पाहून बाहेर येतो, तो वहाणा नाहीत. पुन्हा आत गेलो. काचेच्या कपाटात, दिव्याखाली, आपला जोड! तेथील व्यवस्थापिका क्रांतीबाई लोकांना सांगत होत्या की, हा शंभर वर्षांपूर्वीचा, कुणा सरदार घराण्यातील असावा. कसबा बावड्याच्या एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "बघा जरा! तुमच्या चपला सा म्हैनं टिकत न्हाईत." 'या वहाणा माझ्या आहेत' असे चारचौघांत म्हणणे मला शक्य नव्हते, कारण त्या माझ्या नव्हत्या, आणि खोटे बोलणे माझ्या स्वभावात नाही.

मी क्रांतीबाईंना बाजूस घेऊन खरे ते सांगितले. त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "आजोबा, आत्ता काढून देतो की," म्हणत किल्ली घेऊन निघाल्या. इतक्यात त्याच बाई मला म्हणाल्या, "ह्या तुम्ही दिल्या व्हय? पावणं, थोर घरचं दिसतायसा!" गणपतराव, आजवर मला असे कोणी म्हटले नव्हते. मी क्रांतीबाईंना म्हणालो, "राहू द्या."

नंतर मी अनवाणी घरी आलो. डांबर तापले होते. तरीही सावकाश चाललो, कारण मागून लोक पाहत होते. जुलेखा रस्ताभर हसत होती. आपल्या वस्तूचा असा मान झाला, याचा आपणांसही अभिमान वाटेल, अशी खात्री बाळगून लेखणी ठेवतो.

आपला नम्र,
मीरासाब

ता. क. : कपाटावर आता पक्की पाटी लागली आहे. तीवर दात्याचे नाव हवे होते. आपलेच नाव सांगण्याचा माझा विचार होता. परंतु पाटी अरुंद होती आणि 'मीरासाब' हे नाव तीत नेमके बसले.

पुन्हा ता. क. : पुढील आठवड्यात संग्रहालयात दात्यांचा सत्कार आहे. सत्कारास अनवाणी जाणे बरे दिसत नाही, व जावयाच्या चपला मला चावतात. तरी आपला दुसरा जोड एसटीने पाठवावा. आपण स्वतः मात्र येण्याची तसदी घेऊ नये.